पोशाखावर हसणारी रेषा: बिदर-कलबुर्गीच्या बाजूने एक आढावा

बिदर आणि कलबुर्गी या जिल्ह्यांत माणूस तोंड उघडण्याआधी त्याचा पोशाख बोलत असे. निजामाच्या राज्यात कचेरीत जाणाऱ्याच्या अंगात शेरवानी आणि डोक्यावर रुमी टोपी, मोंढ्यात आलेल्या शेतकऱ्याचे धोतर-पटका, वकिलाचा काळा कोट, बायकांचे इरकल लुगडे आणि खणाची चोळी. एवढ्यावरून समोरचा उर्दूत बोलणार, कानडीत की मराठीत, आणि लग्नाच्या पंगतीत कुठल्या ओळीला बसणार, याचा अंदाज बांधता येई. अशा मुलखात पोशाखावर आणि वागण्यावर हसणारी चित्रे ढिगाने निघायला हवी होती. तशी ती निघाली नाहीत. हसू होते, पण ते भारुडात, बहुरूप्याच्या सोंगात, मुशायऱ्यातल्या विनोदी शेरांत आणि पारावरच्या नकलांत होते. छापील चित्र बाहेरून आले, पुण्या-मुंबईहून आणि किर्लोस्करवाडीहून. इथल्या मराठी घरांनी ते प्रेमाने वाचले, जपले, एकमेकांना दिले.

मराठी व्यंगचित्रांचे आढावे आजवर बहुतेक चित्र काढणाऱ्यांच्या बाजूने लिहिले गेले. चित्र ज्या गावात पोचले तिथून पाहिले की एक वेगळाच प्रश्न समोर येतो: हसणारा कुठे उभा आहे? ज्यांच्या पोशाखावर तो हसतो त्यांच्यात, की त्यांच्यापासून दूर? मला वाटते, ही जुनी चित्रे आज टिकली की शिळी झाली याचे उत्तर बहुतेक वेळा इथेच मिळते.

सुरुवात पंचापासून करावी लागते. लंडनचे ‘पंच’ 1841 साली निघाले आणि पुढच्या चाळीस वर्षांत त्याची भावंडे हिंदुस्थानभर दिसू लागली. मुंबईत 1854 साली ‘पारसी पंच’ आले, 1870च्या दशकात ठाण्याहून मराठी ‘हिंदू पंच’ निघू लागले, 1877 साली लखनौला मुन्शी सज्जाद हुसेन यांनी ‘अवध पंच’ सुरू केले. या पत्रांचा आवडता विषय एकच होता: इंग्रजी शिकून साहेबासारखा वागू लागलेला माणूस. पाय धोतरात आणि बुटात, वर कोट, हातात छडी. या विषयावरची सर्वांत धारदार चित्रे माझ्या मते बंगालमध्ये निघाली. गगनेंद्रनाथ टागोरांनी 1917च्या सुमारास शिळाछापाने छापलेल्या त्यांच्या संग्रहांत नवा बाबू, त्याचा अर्धा देशी अर्धा विलायती पोशाख आणि त्याच्यातला ढोंगी धार्मिकपणा असा काही पकडला, की चित्र पाहताना हसू येते आणि लगेच अवघडल्यासारखे होते. टागोर स्वतः त्याच वर्गातले होते. ज्या दिवाणखान्यांची त्यांनी टिंगल केली त्यांत त्यांचे रोजचे येणे-जाणे होते. इंग्रजांच्या ‘पंच’मधला हिंदी बाबू आणि गगनेंद्रनाथांचा बाबू शेजारी शेजारी ठेवून पाहा. कपडे तेच आहेत, पण पहिल्यात तुच्छता आहे आणि दुसऱ्यात स्वतःच्या घरची लाज.

मराठीत त्या काळात वागण्या-राहण्यावरचा विनोद चित्रापेक्षा अक्षरांत जास्त रमला. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘सुदाम्याचे पोहे’मध्ये सोवळेओवळे, मुहूर्त, शकुन, लग्नातले मानपान यांची जी खिल्ली उडवली, तिच्या तोडीचे चित्र त्या पिढीत सापडत नाही. याला खर्च हेही एक कारण होते. चित्र छापायचे म्हणजे शिळाछाप करायचा किंवा ब्लॉक बनवून घ्यायचा, आणि तुटपुंज्या वर्गणीवर चालणाऱ्या नियतकालिकाला दर अंकात ते झेपत नसे.

पण हा झाला छापखान्याचा इतिहास. त्याआधीची एक परंपरा आपल्या आढाव्यांत येतच नाही, आणि ती तर थेट कर्नाटकातली आहे. कातडी बाहुल्यांचा खेळ करणारे किळ्ळेक्यात लोक कर्नाटकभर हिंडत आले. खेळ कानडीत आणि घरात बोलणे मराठीत. त्यांचे पूर्वज मराठी मुलखातून खाली आले. बकऱ्याचे कातडे तासून इतके पातळ करायचे की दिव्याचा उजेड त्यातून आरपार यावा, मग त्यावर आकृती कापायची, भोके पाडून दागिने आणि कपड्यांची नक्षी उठवायची आणि रंग भरायचा. राम, सीता, रावण हे सगळे डौलात, भरजरी. त्यांच्या मधेच पडद्यावर उगवतात किळ्ळेक्यात आणि त्याची बायको बंगारक्का. तो काळाकुट्ट, ढेरपोट्या, जाड ओठांचा, केस पिंजारलेले. तीही तशीच, पण नटण्याची हौस दांडगी. दोघांचे हातपाय सैल जोडलेले असतात, त्यामुळे राजेरजवाडे ऐटीत स्थिर उभे असताना हे दोघे सारखे वळवळतात, भांडतात, गावच्या पाटलापासून सावकारापर्यंत कुणालाही सोडत नाहीत. राजाच्या दरबारात बसायचे कसे, चालायचे कसे, मोठ्यांसमोर बोलायचे कसे, हे सगळे ही जोडी आपल्या बेढब अंगाने उलटेपालटे करून दाखवते. खेळ करणाऱ्यांच्या जमातीचे नाव आणि विदूषकाचे नाव एकच, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. टिंगल करणाऱ्याने सर्वांत आधी आपले तोंड पडद्यावर लावले आहे. व्यंगचित्राचा इतिहास लिहिताना कागदाच्या आधीचे हे कातडे विसरून चालणार नाही, आणि मराठी-कानडी अशा दोन्ही भाषांचे पाणी त्यात असल्यामुळे तर मुळीच नाही.

विसाव्या शतकात मराठी व्यंगचित्राला घरोघरी नेले ते शंकरराव किर्लोस्करांनी. 1891 साली सोलापुरात जन्मलेले शंकरराव पं. सातवळेकरांकडे चित्रकला शिकले आणि कारखान्याच्या कामात पडले. 1920 साली त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. कारखान्याच्या मालाची जाहिरात हा मूळ हेतू. पाहता पाहता ते सामाजिक सुधारणेचे मासिक झाले, पुढे ‘किर्लोस्कर’ या नावाने निघू लागले, आणि त्याच्या जोडीला 1930 साली ‘स्त्री’ आणि 1934 साली ‘मनोहर’ आले. शंकरराव ‘टाकाच्या फेकी’ या नावाने चित्रे काढत. शेंडी, सोवळे, बुवाबाजी, जातीचा ताठा हे त्यांचे लक्ष्य. त्यांची रेषा सफाईदार होती, पण चित्राच्या मागे नेहमी एक मुद्दा तयार असे, आणि काही चित्रांत मुद्दा रेषेला दडपून टाकतो, हेही म्हटले पाहिजे. तरी त्यांच्या चित्रांनी एक मोठे काम केले. देवघरात आणि ओटीवर जे घडत होते, ज्याबद्दल घरातले धाकटे कधी चकार शब्द काढत नव्हते, ते मासिकाच्या पानावर आले आणि सासू, सून, पोरे सगळ्यांनी ते एकत्र पाहिले.

आमच्याकडे, निजामाच्या राज्यात, सभा-संमेलनांवर निर्बंध होते, वरचे शिक्षण उर्दूतून होते आणि मराठी शाळा मोजक्या. 1907 साली सुरू झालेल्या गुलबर्ग्याच्या, म्हणजे आजच्या कलबुर्गीच्या, नूतन विद्यालयासारख्या संस्था फार कष्टाने उभ्या राहिल्या. अशा वातावरणात बाहेरून येणारे मराठी मासिक ही करमणुकीपेक्षा मोठी गोष्ट होती. गुलबर्गा मुंबई-मद्रास लोहमार्गावर, सोलापूर हाकेच्या अंतरावर, त्यामुळे कागद येत राहिला. शेंडीवरचे चित्र इथेही तितकेच लागू पडे. शेरवानी घालून घरी आल्यावर सोवळे नेसणारा माणूस मात्र किर्लोस्करवाडीच्या चित्रात नव्हता. तो इथला होता, आणि तो कुणी काढलाच नाही.

स्वातंत्र्यानंतरचा काळ हा या चित्रांचा भराचा काळ. गोव्यातल्या मडगावचे दीनानाथ दलाल यांनी 1945 साली ‘दीपावली’ सुरू केला आणि दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ ही घरात सांभाळून ठेवण्याची वस्तू करून टाकली. हरिश्चंद्र लचक्यांच्या ‘हसा आणि लठ्ठ व्हा’ने चटकदार एकचित्री विनोद सर्वांपर्यंत नेला. 1951 साली मधुकर पाटकरांचा ‘आवाज’ आला आणि त्याच्या खिडकीचित्रांनी वाचकाला बाहेरचे पान पाहून एक समज करून घ्यायला लावले, आतले पान उघडल्यावर तो समज मोडून काढला. वरकरणी दिसते एक आणि असते दुसरेच, हा त्या खिडक्यांचा सारा खेळ. पुढे पुढे तो चावटपणाच्या एकाच वाटेने गेला याची मला खंत वाटते. कल्पना त्याहून मोठी होती.

शि. द. फडणीस हे नाव आमच्या बाजूला जिव्हाळ्याने घेतले जाते. 1925 साली त्यांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातला. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकून ते अनंत अंतरकरांच्या ‘हंस’ आणि ‘मोहिनी’साठी मुखपृष्ठे करू लागले. 1952च्या ‘मोहिनी’ दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ मराठी माणसाच्या डोळ्यांत कायमचे बसले आहे. एक तरुण आणि एक तरुणी शेजारी शेजारी उभी आहेत. तिच्या साडीवर उंदरांची नक्षी, त्याच्या बुशशर्टावर मांजरांची. एक अक्षर नाही. त्या दोघांच्या चेहऱ्यांवर काही नाही, सभ्य माणसे परक्या माणसाशेजारी उभी राहतात तशीच ती उभी आहेत. जे काही घडते आहे ते कापडावर घडते आहे. 1950 नंतरच्या शहरात बुशशर्ट नवा होता, छापील साड्या नव्या होत्या, अनोळखी तरुण-तरुणीने इतके जवळ उभे राहणेही नवे होते. त्या साऱ्या नवेपणाचा संकोच त्यांनी दोन नक्ष्यांत आणला. इथे कुणाचीच टिंगल नाही आणि तरी काळाचा अख्खा शिष्टाचार उघडा पडला आहे. फडणिसांच्या चित्रांना भाषा लागत नाही, म्हणून ती तिन्ही भाषांच्या घरांत सारखीच पोचतात.

याच फडणिसांनी पुढे ‘बालभारती’च्या गणिताच्या पुस्तकांत चित्रे काढली आणि महाराष्ट्रातल्या मुलांच्या पिढ्या हसत हसत बेरजा शिकल्या. सीमेच्या या बाजूला मात्र ती पोचली नाहीत. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बिदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठी मुलखाकडे गेले, भालकी, औराद, हुमनाबाद आजच्या कर्नाटकात आले. उदगीरच्या पोरांना शाळेत ही चित्रे मिळाली. भालकीच्या मराठी शाळेतल्या पोरांची पुस्तके वेगळी. कर्नाटकातच जन्मलेल्या चित्रकाराची चित्रे कर्नाटकातल्या मराठी मुलांच्या पाठ्यपुस्तकात नसावीत, याचे वाईट वाटते.

वसंत सरवटे यांच्याकडे वळले की हसणारा कुठे उभा आहे हा प्रश्न सर्वांत नीट उलगडतो. 1927 साली कोल्हापुरात जन्मलेले सरवटे पेशाने स्थापत्य अभियंता, सिमेंटच्या कंपनीत नोकरी. त्यांनी पुलंच्या पुस्तकांना चित्रे दिली, ‘ललित’ मासिकात जयवंत दळवींच्या ‘ठणठणपाळ’ या टोपणनावाला चेहरा दिला, आणि त्याच मासिकाच्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठे वर्षानुवर्षे केली. सरवट्यांच्या चित्रातली माणसे बारकाईने पाहावीत. पँट कुठे सैल आहे, पदर कसा खोचला आहे, समारंभात पहिल्या रांगेत बसलेला माणूस पाय कसे ठेवतो, पुरस्कार घेणारा लेखक मान किती झुकवतो आणि किती झुकवत नाही. ही सगळी त्यांची आपली माणसे. साहित्याच्या जगातला मोठेपणा, त्याचे सत्कार, त्याचे रुसवेफुगवे त्यांनी आत राहून पाहिले आणि कुणालाही खाली न पाडता काढले. परदेशी व्यंगचित्रकारांवर आणि व्यंगकलेवर त्यांनी मराठीत जे लिहिले, ते आजही या विषयातले सर्वांत भरवशाचे लेखन आहे.

याच काळातला दुसरा, मोठा ढीग मात्र ठोकळ्यांचा आहे. लाटणे घेतलेली जाडी बायको आणि काडीसारखा नवरा. केस कापलेली, पर्स मिरवणारी, बिनबाह्यांच्या पोलक्यातली मुलगी, जिच्याकडे चित्रातले सगळे पुरुष वळून पाहतात. धोतर-पटक्यातला बावळट खेडूत, शहरात आला की रस्ता चुकणारा. ही चित्रे शेकड्यांनी निघाली आणि आज ती चाळताना हसू येत नाही. बायकांच्या पोशाखात त्या काळात केवढे बदल झाले! नऊवारीची सहावारी झाली, बायका सायकलवर बसल्या, कचेरीत गेल्या. हे सारे पुरुषांच्या नजरेतून काढले गेले, आणि काढणाऱ्यांत बाई जवळजवळ नव्हतीच. नोकरीला निघालेल्या बाईला पहिल्यांदा सहावारी नेसताना काय वाटले असेल, यावर एका बाईने त्याच वेळी काढलेले चित्र असते तर मराठी विनोद आज कितीतरी श्रीमंत असता. खेडुताचेही तेच. पटका बांधणारा माणूस पटक्यावर हसू शकतो, पण त्याच्या हातात टाक कुणी दिला नाही.

आणि मग ‘मार्मिक’. 13 ऑगस्ट 1960 रोजी बाळ ठाकरे आणि श्रीकांत ठाकरे यांनी सुरू केलेल्या या साप्ताहिकाने मराठी व्यंगचित्राला जी धार आणि जो वाचक दिला, तो त्याआधी कुणाला मिळाला नव्हता. बाळ ठाकरे यांची रेषा विलक्षण होती. नेत्याच्या नाकाच्या वळणात ते त्याचा स्वभाव पकडत. सीमाभागातल्या मराठी माणसाने ‘मार्मिक’ आपला म्हणून वाचला, कारण आमच्या सीमाप्रश्नावर उघडपणे बोलणारे ते पत्र होते. पण त्याच पानांवर दक्षिणेकडून मुंबईत आलेल्या माणसाची टिंगल होती: त्याची लुंगी, त्याचे उच्चार, त्याची भाषा. बिदर-कलबुर्गीत लुंगी ही कुणा परक्याची ओळख नाही. ती दुपारी अंगणात बसलेल्या आजोबांच्या अंगावर असते, मग आजोबा मराठी असोत, कानडी असोत की उर्दू बोलणारे. आमच्यातल्या अनेकांच्या आजोळी कानडी बोलतात, मराठीत कानडी हेल येतो, पुण्यात गेल्यावर त्या हेलावर लोक हसतात. मुंबईतल्या बेकार मराठी तरुणाचा राग खरा होता, हे मी मान्य करतो. पण तो पोशाखावर आणि उच्चारावर काढल्यामुळे चित्रातल्या माणसाचा माणूसपणा गेला आणि उरली नुसती लुंगी. ज्यांच्यासाठी हे पत्र लढत होते त्या सीमेवरच्या मराठी माणसांनाही तो फटका लागला, आणि त्याबद्दल कुणी लिहिले नाही.

याच मुंबईत म्हैसूरहून आलेला एक माणूस आयुष्यभर चित्रे काढत होता. आर. के. लक्ष्मण यांनी सुरुवातीला डॉ. एम. शिवराम यांच्या ‘कोरवंजी’ या 1942 साली निघालेल्या कानडी विनोदी मासिकात चित्रे दिली होती. त्यांचा सामान्य माणूस चौकड्यांचा कोट, धोतर, गोल चष्मा आणि कानांमागे पांढऱ्या केसांचे झुबके एवढ्या सामानावर उभा राहिला. हा कोट मद्रासचा की नागपूरचा, सांगता येत नाही. तो एकही शब्द बोलत नसल्यामुळे त्याचा हेलही कळत नाही. पोशाखातून प्रांत पुसून टाकणे हा त्यांनी विचारपूर्वक घेतलेला निर्णय असावा असे मला वाटते, आणि म्हणून त्याच्यावर कुणी हसत नाही, सगळे त्याच्या बाजूने पाहतात.

आमच्या मातीत आतून पाहणारी ही नजर नव्हती असे मात्र म्हणता येणार नाही. बसवण्णांच्या कल्याणात, आजच्या बसवकल्याणात, बाराव्या शतकातच बाहेरच्या अवडंबरावर कडक शब्द उमटले. विसाव्या शतकात उर्दूतले मोठे विनोदकार मुज्तबा हुसेन गुलबर्गा जिल्ह्यातल्या चिंचोळीचे. माणसांची त्यांनी शब्दांत काढलेली चित्रे त्यांच्या सवयी, बसणे-उठणे, कपडे यांतून उभी राहतात. कोल्हटकरांनंतरच्या मराठी विनोदाला शोभेल असे हे काम आमच्याच जिल्ह्यातल्या माणसाने केले, पण लिपी वेगळी असल्यामुळे इथल्या मराठी वाचकापर्यंत ते फार थोडे पोचले.

चित्राचा विषय तर आजही रस्त्यावर उभा आहे. सीमाभागातले एखादे लग्न घ्या. पत्रिकेवर दोन लिप्या, कधी तीन. वधूच्या अंगावर पैठणी, मावशीच्या अंगावर इरकल, पाहुण्यांच्या डोक्यावर घालायला भाड्याने आणलेले फेटे, त्यातले निम्मे कोल्हापुरी थाटाचे आणि निम्मे म्हैसुरी. सत्कार सुरू झाला की शाल, हार, फेटा या क्रमाने एकेकाला सजवले जाते आणि ज्याला फेटा मिळाला नाही तो जेवायला थांबत नाही. चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स, त्यावर काळा चष्मा लावलेले चाळीस चेहरे, मधला मोठा, कडेचे छोटे, आणि कुणाचा चेहरा किती मोठा यावरून आठवडाभर धुसफूस. सरवटे असते तर त्यांनी नुसत्या चेहऱ्यांच्या आकारांवर एक मालिका केली असती. ती आता आमच्याकडच्या कुणीतरी करायची आहे, जो स्वतः त्या फ्लेक्सवर कुठेतरी कोपऱ्यात आहे.

त्यासाठी जुनी चित्रे नव्या हातांना पाहायला मिळाली पाहिजेत, आणि इथे परिस्थिती काळजीची आहे. वाचनालयांत मासिकांचे खंड बांधताना बांधणारा बहुधा मुखपृष्ठ आणि जाहिरातींची पाने काढून टाकतो. मजकूर राहतो, चित्र जाते. दलालांचे, फडणिसांचे, सरवट्यांचे सर्वांत चांगले काम नेमके मुखपृष्ठांवर आहे. त्यामुळे खंड शाबूत दिसतो आणि आत कथाकविता असतात, पण अंकाचा चेहरा उडालेला असतो. जाहिरातींतली छोटी विनोदी चित्रे, केसांच्या तेलाची, चहाची, शिलाई यंत्रांची, यांना तर कुणी कधी मोजलेच नाही, आणि लोक काय घालत होते, कसे बसत-उठत होते याचा पुरावा म्हणून ती मुखपृष्ठांइतकीच मोलाची आहेत. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या भागांतल्या जुन्या मराठी घरांत सुटे दिवाळी अंक अजून ट्रंकांत आणि माळ्यांवर आहेत, मुखपृष्ठासकट, कारण घरी कुणी ते बांधून घेतले नाहीत. मोबाइलवर नीट उजेडात एकेका पानाचा फोटो काढून, अंकाचे नाव आणि वर्ष लिहून ठेवायला फार खर्च येत नाही. मराठी शाळांतल्या वरच्या वर्गांना हे काम सहज देता येईल. जमलेल्या पानांचा एक संच कलबुर्गीत आणि एक बिदरमध्ये राहावा, आणि किळ्ळेक्यात-बंगारक्काच्या कातडी आकृत्यांचे फोटोही त्याच संचात, पहिल्या पानावर, लागावेत.